बरझानच्या बुरुजापाशी कोणती साडी?

दोहाहून उत्तरेकडे वीसेक किलोमीटर गेले की उम्म सलाल मोहम्मद लागते. तिथले बरझानचे दोन बुरूज सोळा मीटर उंच आहेत आणि त्यांच्या भिंती मीटरभर जाड. प्रवाळाचे आणि चुनखडीचे दगड मातीच्या गाऱ्यात बसवायचे आणि वरून जिप्समचा गिलावा द्यायचा, अशी ही जुनी आखाती बांधणी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे बुरूज उभे राहिले आणि १९१० मध्ये शेख मोहम्मद बिन जासिम अल थानी यांनी ते नव्याने बांधून घेतले. पावसाचे पाणी जिथे साठते त्या सखल जमिनीची राखण करायची, मोती काढायला गेलेल्या होड्यांवर लक्ष ठेवायचे, चंद्रकोर पाहून महिना मोजायचा, ही या बुरुजांची कामे. २००३ मध्ये त्यांची डागडुजी झाली. आज त्यांच्यावरून कुणी पहारा देत नाही. बाहेरच्या बाजूने चढणारा दगडी जिना आहे, मोकळे आवार आहे, आणि दुपार कलली की सोनेरी होत जाणारी कोरी भिंत आहे. फोटोसाठी अशी भिंत मिळणे भाग्याचे.

कतारमध्ये सात-आठ लाख भारतीय राहतात. त्यांच्या मुलांसाठी भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत. एमईएस इंडियन स्कूल तर १९७४ पासून चालू आहे. यातल्या बहुतेक शाळा सीबीएसईच्या. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होते, त्यामुळे बारावीचा निरोप समारंभ आणि त्यानिमित्तचे फोटो जानेवारीच्या आसपास उरकावे लागतात. हवामानाच्या दृष्टीने हे चांगलेच आहे. जूनमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि रेशमी साडीत पाच मिनिटेही उभे राहवत नाही. जानेवारीत दुपारी बावीस-तेवीस अंश असतात आणि सूर्य पाचच्या सुमारास मावळतो.

पण या फोटोला घरात एवढे महत्त्व का, याचे कारण हवामानात नाही. आखातात वाढलेल्या मराठी मुलाचा राहण्याचा परवाना आईवडिलांच्या नोकरीला बांधलेला असतो. बारावी झाली की बरीच मुले पुण्याला, मुंबईला, मणिपालला किंवा कॅनडा-ब्रिटनला शिकायला जातात. वडिलांची नोकरी संपली की घरही आवरले जाते. पुण्यात वाढलेली मुलगी दहा वर्षांनी आपल्या शाळेच्या फाटकापाशी उभी राहून फोटो काढू शकते. दोहात वाढलेल्या मुलीला ती खात्री नसते. म्हणून ज्या गावात ती लहानाची मोठी झाली तिथला हा तिचा, सज्ञान होण्याच्या उंबरठ्यावरचा, ठरवून काढलेला शेवटचा फोटो ठरण्याची शक्यता मोठी. त्यात ती काय घालते, हा प्रश्न हौसेपुरता राहत नाही.

शिक्षण संपताना एकेकाचा वेगळा, नीट बसवून फोटो काढायची रीत अमेरिकेतली. बोस्टनजवळचे छायाचित्रकार जॉर्ज केंडल वॉरन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हार्वर्डसारख्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांची चित्रे काढायला सुरुवात केली. एका काचेवरून कागदावर हव्या तितक्या प्रती निघू लागल्या होत्या. मुले एकमेकांचे फोटो विकत घेत आणि त्यांचे आल्बम बांधून घेत. पुढे छापील वार्षिकांक आले आणि माध्यमिक शाळांनीही ती प्रथा उचलली. मुलींना खांद्यांभोवती काळे मखमली कापड आणि मुलांना काळा कोट-बो, असा ठरीव वेश तिथल्या कित्येक शाळांत अजून चालतो. सगळे सारखे दिसावेत, आईवडिलांची ऐपत कपड्यांवरून कळू नये, हा त्यातला चांगला भाग.

मराठी माणसाला मात्र या विषयात वॉरनपेक्षा जवळचे आणि कितीतरी मोलाचे उदाहरण आहे. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियातल्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हानियाच्या अधिष्ठात्यांनी दिलेल्या स्वागतसमारंभात तीन परदेशी विद्यार्थिनींचा एकत्र फोटो निघाला. जपानच्या केई ओकामी किमोनोत, दमास्कसच्या साबात इस्लांबूली त्यांच्या सीरियन पोशाखात, आणि डावीकडे साडीतल्या आनंदीबाई जोशी. वय वीस. पुढच्या मार्चमध्ये, ११ तारखेला, त्या पदवीधर डॉक्टर झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

या फोटोतली साडी सहज नेसलेली नव्हती. १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत आनंदीबाईंनी सांगितले होते की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. पोशाख आणि आहार बदलणार नाही, हे त्या निर्धाराचेच अंग होते. मग फिलाडेल्फियाचा हिवाळा आला. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात, आणि त्या थंडीत ते सोसणे कठीण. आनंदीबाईंनी पाऊल झाकणारी गुजराती धाटणीची साडी नेसायला घेतली. पती गोपाळरावांशी झालेल्या पत्रव्यवहारात कपड्यांचा विषय येतो तो यामुळेच: इकडे बसलेल्या माणसाला पत्नीच्या साडीत तत्त्व दिसत होते, तिकडे राहणाऱ्या बाईला तत्त्वाबरोबर बर्फही दिसत होता. साडी सोडायची नाही, पण नेसण्याची पद्धत हवेप्रमाणे बदलायची, असा तिने स्वतः काढलेला मार्ग त्या फोटोत बसला आहे. बारावीच्या फोटोसाठी कपडे निवडणाऱ्या परदेशातल्या प्रत्येक मराठी मुलीने तो एकदा निरखून पाहावा. परक्या देशात आपले कापड कसे वापरावे याचा इतका शहाणा नमुना दुसरा सापडणे अवघड आहे.

त्या साडीचा रंग कोणता होता? फोटोवरून सांगता येत नाही, आणि त्याचे कारण रसायनात आहे. त्या काळातल्या सर्वसाधारण काचपट्ट्यांना निळा प्रकाश तेवढा नीट कळे. तांबडा जवळजवळ कळतच नसे. त्यामुळे कुंकवाचा लाल रंग काळा उमटे आणि निळे कापड पांढुरके. घरात पणजीचा जुना फोटो असेल आणि त्यातली साडी काळी दिसत असेल, तर ती डाळिंबी असण्याचीही शक्यता आहे.

आजचा कॅमेरा सगळे रंग पाहतो, पण त्याच्याही खोडी आहेत. कॅमेरा चौकटीतल्या उजेडाची सरासरी मध्यम करड्याच्या आसपास आणू पाहतो. बरझानच्या फिकट भिंतीसमोर पांढरा कुर्ता घालून उभे राहिले की त्याला सगळे फारच उजळ वाटते, तो चित्र गडद करतो आणि पहिला बळी चेहऱ्याचा जातो. म्हणून या भिंतीपुढे मोतिया, बिस्किटी, श्रीखंडी हे रंग टाळावेत. कापड भिंतीत विरघळते आणि वर नुसता चेहरा तरंगल्यासारखा दिसतो. वांगी, मोरपंखी, डाळिंबी, चिंतामणी, गडद हिरवा, गुलबक्षी यांतला कोणताही रंग तिथे झळकतो. वाळूच्या रंगात पिवळसर-तांबूस छटा असते. निळ्या-जांभळ्या घराण्यातले रंग तिच्या विरुद्ध पडतात आणि माणूस भिंतीपासून सुटा होऊन पुढे येतो. चंद्रकळेचे तसे नाही. काळा रंग उजेड गिळतो, निऱ्या आणि चुण्या दिसेनाशा होतात. चंद्रकळा नेसायचीच असेल तर उजेड बाजूने घ्यावा, म्हणजे निऱ्यांच्या कडा उमटतात.

झगझगीत पोपटी किंवा फ्लोरोसंट गुलाबी रंगाचे दुखणे वेगळे आहे. उन्हात असे कापड स्वतःचा रंग हनुवटीवर आणि गळ्यावर फेकते, आणि तो डाग नंतर काढणे फार त्रासाचे असते. भिंतसुद्धा असाच प्रकाश परत फेकते, पण तिचा रंग उबदार असल्याने तो सावळ्या चेहऱ्याला साजतो. उन्हातल्या भिंतीकडे तोंड करून दोन-तीन पावलांवर उभे राहिले तर डोळ्यांखालच्या सावल्या आपोआप भरून निघतात.

सावळ्या चेहऱ्याचा विषय निघालाच आहे तर हेही सांगायला हवे. रंगीत फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळांत कोडॅक कंपनी १९५० च्या दशकापासून गोऱ्या स्त्रीचे एक नमुनाचित्र पाठवत असे आणि त्या कातडीवर यंत्रांचे रंग जुळवले जात. सावळी, काळी माणसे त्यात नीट उमटत नसत. आजचे कॅमेरे सुधारले आहेत, पण फोनमधली ‘ब्यूटी’ची सोय चेहरा उजळ आणि गुळगुळीत करतेच. फोटोआधी ती बंद करावी. जांभळ्या पैठणीत सावळी मुलगी जशी दिसते तशीच तिची आठवण राहायला हवी.

पैठणीबद्दल थोडे थांबून सांगण्यासारखे आहे, कारण घराघरातून पहिली सूचना तीच येते: आजीची काढू या. येवला आणि पैठणला हातमागावर विणलेल्या खऱ्या पैठणीच्या पदरावरचे मोर, मुनिया, कमळे, नारळीचे काठ हे वेगवेगळ्या रंगांचे धागे एकमेकांत अडकवून विणतात. त्यामुळे पदर सुलट आणि उलट दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. उम्म सलालच्या उघड्या आवारात हिवाळ्यातला वायव्येचा वारा सुटतो, त्याला कतारमध्ये शमाल म्हणतात. वाऱ्याने पदर उलटला तरी हातमागाच्या पैठणीचे काही बिघडत नाही. यंत्रावरच्या नकलेच्या मागे मात्र धाग्यांचे लोंबते जाळे असते आणि ते फोटोत येते. पदर मोकळा सोडून वाऱ्यावर उडता फोटो हवा असेल तर ही परीक्षा घरीच करून पाहावी.

जुनी जर काळवंडलेली असली तर घाबरू नये. फिकी पडलेली जर उजेड मऊपणे परतवते. कोरी करकरीत जर थेट उन्हात पांढरे ठिपके टाकते आणि त्यात नक्षी हरवते. जुन्या रेशमाची खरी भीती घड्यांची. वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिलेले रेशीम त्याच रेघेवर फाटते. साडी सुटकेसमधून आली असेल तर आठवडाभर आधी उलगडून, वेगळ्या घडीत, सुती कापडात ठेवावी. अत्तर आणि स्प्रे साडी नेसायच्या आधी अंगाला लावावेत. जरीवर पडले की काळे डाग पडतात. आजीचे ब्लाउज नातीला होणार नाही हे गृहीत धरून दोहातल्या शिंप्याकडे निदान दोन आठवडे आधी जावे, कारण निरोप समारंभाच्या दिवसांत सगळ्याच शाळांच्या मुली तिथे पोचतात. परकराचा रंग साडीच्या रंगाचा हवा. फिकट परकर जिन्यावर पाऊल उचलताच डोकावतो.

सगळ्यांकडे पैठणी नसते, आणि असलीच पाहिजे असेही नाही. इरकल सुती-रेशमी, अंगाला हलकी, आणि सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला पैठणीहून अधिक शोभते, असे या लेखकाचे ठाम मत आहे. पैठणीत ती लग्नाला निघालेली दिसते. इरकलमध्ये तिच्या वयाची दिसते. खणाचे कापड तर आता ब्लाउजपुरते राहिलेले नाही, त्याचे कुर्ते, जाकिटे, झगेही शिवले जातात. इरकलच्या बारीक चौकडीबाबत एक तांत्रिक अडचण मात्र येते. कॅमेऱ्याच्या संवेदकावरही बारीक ठिपक्यांची जाळी असते; कापडाची जाळी आणि ती जाळी एकमेकींवर पडल्या की फोटोत नसलेल्या लाटा आणि इंद्रधनुषी पट्टे उमटतात. बारीक रेघांच्या शर्टाचेही हेच होते. उपाय सोपा आहे: एक-दोन पावले पुढे-मागे सरकून पुन्हा फोटो घ्यावा आणि पडद्यावर मोठा करून तपासावा.

नऊवारी की सहावारी? बुरुजाचा जिना, उघडी जमीन, उंचसखल दगड पाहता शिवलेली नऊवारी तिथे चांगली. पाय मोकळे राहतात, मुलगी पायरीवर बसू शकते, उडी मारू शकते. सहावारी पहिल्यांदाच नेसणाऱ्या मुलीने आदल्या आठवड्यात ती घरात तासभर नेसून वावरावे, जेवावे, सोफ्यावर बसावे. कापडाची सवय नसली की खांदे वर चढतात आणि ते कितीही सुंदर साडीत लपत नाहीत. टाचांची चप्पल जिन्यावर घालू नये. सपाट कोल्हापुरी किंवा मोजडी पुरेशी आहे, आणि उंचीची चिंता असेल तर छायाचित्रकाराने कॅमेरा थोडा खाली धरावा.

मुलांच्या कपड्यांवर घरात एवढा वेळ घालवला जात नाही, आणि तो अन्याय आहे. ब्लेझर बहुतेक वेळा काकाचा, मामाचा किंवा दुकानातून घाईत आणलेला असतो. इतर काही न जमले तरी खांदा जमला पाहिजे: शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशी संपायला हवी. बाही लांब असेल तर शिंपी तासाभरात कमी करतो, कंबर आवळतो. खांदा दुरुस्त करणे मात्र जवळजवळ नवा कोट शिवण्याइतके अवघड. कॉलर आणि मानेमध्ये एक बोट जावे, दोन नकोत. काळ्यापेक्षा गडद निळा सूट वाळूरंगी भिंतीपुढे केव्हाही सरस. फेटा बांधायचा असेल तर तो बांधता येणारा माणूस आधी शोधावा. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात फेटे बांधणारे काका बहुतेकांच्या ओळखीचे असतात. आधी शिवलेला तयार फेटा जवळून टोपीसारखा दिसतो.

डोक्यावर काय घालावे, हा प्रश्न महाराष्ट्रात साधा नाही. २०१९ च्या जानेवारीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पदवीप्रदान समारंभात पुणेरी पगडीऐवजी फुले पगडी हवी म्हणून विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. समारंभातल्या पोशाखाने आपल्याला कोणत्या परंपरेत उभे केले जाते, याची त्या विद्यार्थ्यांना पुरेपूर जाणीव होती. दोहातल्या मुलालाही पगडी किंवा फेटा देताना तो कुठला, कुणाचा, हे आईवडिलांनी सांगावे. माहीत असून घातलेली पगडी वेगळी बसते.

निवड कुणाची, यावरून अमेरिकेत प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. मिसिसिपी राज्यातल्या वेसन गावच्या शाळेत २००९ मध्ये एका विद्यार्थिनीने शेवटच्या वर्षाच्या फोटोसाठी मुलींचे ठरीव मखमली कापड नाकारून कोट-बो घातला. शाळेने वार्षिकांकातल्या शेवटच्या वर्षाच्या विभागात तिचा फोटो छापला नाही. खटला झाला, आणि २०११ च्या अखेरीस तडजोड झाली: यापुढे सगळ्यांनीच पदवीचा झगा आणि टोपी घालून फोटो काढायचा. मराठी घरात खटले होत नाहीत, पण तोच ताण असतो. “साडीच नेस, आजीला फोटो पाठवायचाय,” असे आई म्हणते आणि मुलीला सलवार-कमीज किंवा पँटसूट हवा असतो. आजीला फोटो पाठवायचा आहे हे कारण खरे आहे आणि मोठेही आहे. तरी ज्या कपड्यात मुलीला अवघडल्यासारखे होते त्यातला फोटो आजीलाही अवघडलेलाच दिसणार. दोन पोशाख ठेवावेत, एक घरच्यांच्या आवडीचा आणि एक पूर्णपणे तिच्या. आणि पहिल्यातही रंग, काठ, नेसण्याची पद्धत तिने ठरवावी. आनंदीबाईंनी तेच केले होते.

जागेचे काही नियम पाळायचे असतात. कतारमध्ये सार्वजनिक ठिकाणी खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत अशी अपेक्षा असते. बिनबाह्यांच्या ब्लाउजवर पदर पसरून घेणे किंवा कोपरापर्यंतची बाही शिवणे बरे. उम्म सलाल हे राहते गाव आहे, आसपास घरे आहेत, कुटुंबे संध्याकाळी फिरायला येतात. परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो काढणे हा कतारच्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा चौकटीत अनोळखी माणसे येणार नाहीत असा कोन निवडावा. मोठे दिवे आणि तिकाटणे न्यायची असतील तर रखवालदाराला आधी विचारावे. कपडे बदलण्याची सोय बुरुजापाशी धरून चालू नये. दोहा फेस्टिव्हल सिटी हा मोठा मॉल त्याच गावच्या हद्दीत आहे, तिथे तयार होऊन येता येते आणि वाटेत साडीला वाळूही लागत नाही.

चष्मा रोज लावणाऱ्या मुलाने तो फोटोत काढून ठेवू नये. काचेवर आभाळ चमकत असेल तर दांड्या कानांवरून किंचित वर उचलाव्यात, काचा जमिनीकडे झुकतात आणि चमक जाते.

क्रम असा ठेवला तर दोन तासांत सगळे होते: तीन वाजता साडी किंवा सूट, कारण निऱ्या आणि इस्त्री तेव्हा ताज्या असतात, चारच्या पुढे मुलीच्या किंवा मुलाच्या आवडीचे कपडे, कारण उजेड मऊ होत जातो आणि मन सैलावलेले असते. आणि या दोन्हींच्या आधी, गाडीतून उतरल्या उतरल्या, पाच मिनिटे शाळेच्या गणवेशासाठी. बालवर्गापासून जवळजवळ रोज अंगावर असलेले हे कापड ठरवून काढलेल्या फोटोत सहसा नसते, कारण ते रोजचे असते. परीक्षा संपली की ते लहान भावंडाला किंवा शेजारच्या मुलाला दिले जाते. बिल्ला लावलेला, बाह्या सवयीप्रमाणे दुमडलेल्या, खिशावर शाईचा डाग असला तर तोही तसाच ठेवून त्याचा एक फोटो घ्यावा, आणि मित्रमैत्रिणी बरोबर असतील तर सगळ्यांनी गणवेशातच यावे.